वहिनीचं पाण्यातलं सोनं

सोनं पाण्यात विरघळतं, हे धाकट्याच्या आईला कधीच पटलं नाही. "विरघळत असतं तर बांगड्या घालून भांडी घासायची सोयच उरली नसती," असं ती म्हणायची आणि सुनेकडे बघून डोळे मिचकावायची. सून म्हणायची, "अहो आई, तुमच्या बांगड्यांचं सोनं हट्टी आहे. माझ्याकडचं मी आधीच वठणीवर आणलेलं असतं." मग दोघी खो-खो हसत सुटायच्या. त्यांच्यामध्ये बसून चहा पिणारा थोरला शाळेत गणित शिकवायचा. त्याला आपण नक्की कशावर हसायचं ते कळायचं नाही, पण बायको आणि आई एकाच वेळी हसताहेत म्हणजे बरंच चाललंय, एवढा हिशोब त्याला जमायचा.

वहिनी खरोखरच सोनं वठणीवर आणायची. शहराच्या कडेला एक संशोधन संस्था होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर वहिनीची प्रयोगशाळा आणि तळमजल्यावर धाकटा. घरात त्याला सगळे धाकटा म्हणायचे. कानामागचे केस पांढरे झाले, चष्मा लागला, तरी धाकटा तो धाकटाच राहिला. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. पहिल्याच दिवशी ती त्याला म्हणाली, "अहो भाऊजी, जरा ते स्टूल सरकवता का?" त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'अहो' म्हणालं होतं. त्या दिवसापासून वहिनीने सांगावं आणि धाकट्याने पळावं, असं जे सुरू झालं ते आजतागायत चालू होतं. पुढे तिनेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीठ, साखर आणि लिंबू मांडून त्याला रसायनशास्त्र शिकवलं. मार्क बरे पडले, विषय आवडला, आणि एक दिवस तो तिच्याच संस्थेत येऊन दाखल झाला. वशिला लावला असं काही लोक म्हणाले. मुलाखतीच्या दिवशी वहिनी मुद्दाम रजा टाकून घरी बसली होती, हे त्यांना कोण सांगणार?

तिचं काम थोडक्यात सांगायचं तर असं. सोन्याच्या अणूच्या एका बाजूला तिने असा एक रेणू बसवला होता, की ज्याला पाण्याशिवाय करमत नाही. तो पाण्यात शिरायचा आणि सोन्यालाही ओढून न्यायचा. दुसरी बाजू तिने राखून ठेवली होती. तिथे धाकट्याचं पेप्टाइड अडकवायचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, मण्यामागे मणी ओवावा तसा तळमजल्यावरच्या यंत्रात बनवलेला. त्याच्या टोकाला गंधक असायचं, आणि सोन्याला गंधक दिसलं की ते धरल्याशिवाय राहवत नाही. पेप्टाइडची खुबी अशी, की रोगाच्या गाठीतल्या पेशी त्याला ओळखता यायच्या. म्हणजे पत्ता पेप्टाइडने शोधायचा, आत शिरून काम तमाम करायचं ते सोन्याने, आणि शेजारच्या निरोगी पेशींच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही. सांगायला दोन मिनिटं लागतात. करण्यात वहिनीची उमेदीची वर्षं गेली होती.

कारण हे सोनं भलतं नाजूक. जरा उजेड लागला, जरा घाई झाली, की पाण्यावर जांभळी छटा यायची. जांभळं दिसलं की समजायचं, सोनं पुन्हा धातू व्हायला निघालं, आता सगळं मोरीत ओता. म्हणून वहिनी पडदे ओढून, बर्फात ठेवलेल्या तपकिरी कुपीत, काचेच्या सिरिंजने पेप्टाइडवर सोन्याच्या पाण्याचा एकेक थेंब सोडायची. थेंब सोडणारी यंत्रं संस्थेत होती. ती वहिनीला मानवायची नाहीत. "यंत्राला जांभळं दिसत नाही," ती म्हणायची, "ते आपलं सोडतच बसतं." तिचे डोळे कुपीवर, अंगठा दट्ट्यावर, आणि तोंडाने अगदी हलक्या आवाजात कुपीशी बोलणं चालू. "चल बाई, घाबरू नको. पुढचा येतोय हं." धाकटा कामाचं निमित्त काढून वर जायचा आणि दाराशी उभा राहून बघायचा. इतक्या वर्षांत त्याने पुष्कळ हुशार माणसं पाहिली होती. हातात इतका धीर असलेलं माणूस हे एकच. वहिनीचं काम बघताना त्याला दरवेळी वाटायचं, आपल्याला हे कधी जमणार नाही, आणि त्याचं मुळीच वाईट वाटायचं नाही.

त्या अंगठ्यानेच दगा दिला. काचेची सिरिंज घट्ट चालते, आणि अंगठ्याच्या मुळाशी वहिनीला कळ यायला लागली. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. वहिनी म्हणाली, बरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सिरिंज हातात. थोरला चिडला. आई शेकायला पिशवी घेऊन मागे लागली. धाकट्याने मात्र डोकं चालवलं. तळमजल्यावर प्लॅस्टिकच्या सिरिंजांचे खोके पडलेले असायचे, काळ्या मऊ दट्ट्याच्या, लोण्यासारख्या सरकणाऱ्या. त्यातलं एक खोकं त्याने वर नेऊन वहिनीच्या टेबलावर ठेवलं.

वहिनीने एक सिरिंज घेऊन पाण्यावर चालवून बघितली. दट्ट्या आवाजसुद्धा न करता सरकला.

"भाऊजी," ती म्हणाली, "माझा अंगठा तुम्हाला दुवा देतोय."

"अंगठ्याला म्हणावं, आधी कुठे होतास? दोन आठवडे घरात सगळ्यांना छळलंस."

नव्या सिरिंजने पहिला घाणा झाला आणि संस्थेत नुसती धमाल उडाली. गाठीच्या पेशींवर ते औषध पडलं आणि पेशी पटापट मरून तळाशी बसल्या. आधीच्या कुठल्याच घाण्याने असा पराक्रम केला नव्हता. संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, स्वतः जिना चढून वर आले आणि चष्मा कपाळावर सरकवून सूक्ष्मदर्शकात बघत बसले. "सोन्याहून पिवळं झालं हो!" ते म्हणाले, आणि आपला विनोद आपल्यालाच इतका आवडला की दिवसभर भेटेल त्याला ऐकवत फिरले.

त्यांच्या आनंदाला आणखी एक कारण होतं. दुसऱ्या शहरात एक चाचणी केंद्र होतं. तिथे नव्या औषधांची उंदरांवर परीक्षा होई, आणि या संस्थेच्या वाट्याला तिथे वर्षातून एकच जागा येई. जागेसाठी दोन उमेदवार होते, दुसऱ्या मजल्यावरचे सोनेवाले आणि तिसऱ्या मजल्यावरचे चांदीवाले. चांदीवाले चांदीची संयुगं करत आणि जिन्यात वहिनी भेटली की, "काय, भाव काय चाललाय?" असं विचारत. गेली दोन वर्षं जागा चांदीला गेली होती. या वर्षीही सोनं मागे पडलं तर वहिनीचं काम बंद करून तिला दुसऱ्या कामाला लावायचं, असं वरून ठरलंच होतं. मोठ्या सरांनी ते तिला स्वच्छ सांगितलं होतं, आणि वहिनीने घरी फक्त धाकट्याला. आता तो प्रश्नच मिटला. कुप्या बर्फात भरून चाचणी केंद्राला रवाना झाल्या. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी उंदरांना पहिली सुई टोचायची होती.

सगळे खूश होते. वहिनी सोडून.

दोन दिवस तिने डबा अर्धा परत आणला. तिसऱ्या दिवशी धाकटा वर गेला तर ती सूक्ष्मदर्शकापाशी बसलेली.

"भाऊजी, ह्या बघा. निरोगी पेशी आहेत ह्या. कशा दिसतात?"

धाकट्याने बघितलं. "जरा आक्रसल्यात. पण जिवंत आहेत की."

"आक्रसल्यात ना? मलाही तेच दिसतंय. सगळे म्हणतात, औषध जहाल आहे, एवढं चालायचंच. मला चालत नाही. पेप्टाइडला ह्यांचा पत्ता माहीतच नाही. मग ह्यांच्या घरात कोण शिरलं?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ दे. विजयाचा गुलाल अंगावर पडलेला असताना स्वतःच्याच चुका शोधायला बसायचं म्हणजे काय खायचं काम आहे? वहिनीने पडदे ओढले आणि पुन्हा सगळा घाणा केला, फक्त पेप्टाइड घातलंच नाही. एकटं सोनं, मुकाट बसायला हवं असं. ते पेशींवर टाकलं. गाठीच्या मेल्या, निरोगीही मेल्या. म्हणजे मारेकरी पेप्टाइडने पाठवलेला नव्हता. वाटेत कुणीतरी तिसराच सोन्याला येऊन चिकटला होता.

मग ती हात धुऊन त्याच्या मागे लागली. सोन्याला ज्याचा ज्याचा स्पर्श झाला ती प्रत्येक वस्तू तिने बदलून बघितली. पाणी बदललं. कुपी बदलली. झाकणं, नळ्या, बर्फाचं भांडं, एका वेळी एकच वस्तू, आणि दरवेळी रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रापुढे जाऊन बसायचं. यंत्राच्या पडद्यावर हव्या त्या वजनाच्या जागी रेघ उंच चढायची, आणि शेजारी एक बुटका उंचवटा दिसायचा. हा उंचवटा पहिल्या दिवशीही होता. तेव्हा धुण्यातली घाण समजून तिने तो सोडून दिला होता. आता तिला कळलं, की तो पदार्थ यंत्राला नीट दिसत नाही, म्हणून बुटका वाटतो. प्रत्यक्षात तो भरपूर होता. शुक्रवारी दुपारी तिने धाकट्याला वर बोलावलं. टेबलावर फक्त एक सिरिंज ठेवलेली होती.

"हा दट्ट्या कशाचा आहे, भाऊजी?"

"रबराचा," धाकटा म्हणाला, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडता त्याच्या पायाखालची जमीन सरकली. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधकाचं रसायन घालतात. तळमजल्यावर त्याच्या पेप्टाइडांना त्याचं सोयरसुतक नसतं. इथे वर मात्र सोनं थेंबाथेंबाने सुटत तासन्‌तास त्या सिरिंजमध्ये बसून राहायचं, आणि रबरातलं गंधक अगदी जवळ, दट्ट्याच्या तोंडाशीच. पेप्टाइड भेटायच्या आधीच बरंचसं सोनं रबराशी सोयरीक जुळवून मोकळं झालेलं असायचं.

"नुसतं पाणी ह्या सिरिंजमध्ये ठेवलं आणि ते सोन्यात ओतलं," वहिनी शांतपणे म्हणाली. "तोच उंचवटा आला."

"वहिनी, माझ्यामुळे..."

"आधी खाली बसा. चेहरा बघा कसा झालाय. पाणी प्या."

"सोमवारी टोचणार आहेत ते."

"म्हणून तर मोठ्या सरांकडे जायचंय. चला."

मोठे सर वाईट माणूस मुळीच नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "एक विचारू? हे रबराचं असो की कशाचंही असो, गाठ तर मरतेय. उंदीर बरे झाले तर आपलं काय बिघडलं? तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता कुप्या परत मागवल्या तर जागा चांदीला जाईल. मग तुमचं काम बंद, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आहे, सर."

"मग?"

"त्या कुप्यांवर मी लिहून दिलंय की आत पेप्टाइड बांधलेलं सोनं आहे. आत ते पुरतं नाही. उंदरांना कळणार नाही हो, पण मला कळलंय ना." वहिनीचा आवाज जरा कापला. तिने तो सावरला. "आणि हे निरोगी पेशींना मारतं, सर. उद्या कुणीतरी हे माणसाला टोचायचा विचार करेल."

मोठ्या सरांनी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. चाचणी केंद्राच्या डॉक्टरीणबाई फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या. वहिनीने नाव सांगितलं आणि पुढचं वाक्य एका दमात बोलून टाकलं. "कुप्या टोचू नका, फेकून द्या, माझी चूक झाली आहे." पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे इतकी वर्षं काम करतेय. कुप्या लवकर टोचा म्हणणारे रोज भेटतात. फेका म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या." पुढच्या शुक्रवारपर्यंत त्या जागा धरून ठेवणार होत्या. त्यानंतर चांदी.

संध्याकाळी सगळ्या मजल्यांची बैठक झाली. वहिनीने उभं राहून झालं ते सांगितलं. आधीचं यश खोटं होतं, सोनं रबराला चिकटलेलं होतं, माझ्या टेबलावर काय येतं ते तपासायचं काम माझं आणि मी ते केलं नाही. सिरिंजा कुठून आल्या त्याचा तिने उच्चारही केला नाही. धाकट्याला ते ऐकवेना. तो मागच्या रांगेतून उठला. "त्या सिरिंजा मी दिल्या होत्या," तो म्हणाला. आवाज शाळकरी पोरासारखा फुटला.

"भाऊजी, खाली बसा," वहिनी घरच्या सुरात म्हणाली. "माझा अंगठा दुखत होता म्हणून तुम्ही आणून दिल्यात. त्यात काय रबर आहे ते बघायला मी होते की."

सगळी खोली हसली. चांदीवाल्यांचा प्रमुखही हसला. बाहेर पडताना तो वहिनीपाशी थांबला, भाव वगैरे काही विचारला नाही, नुसती मान लववून गेला.

घरी आल्यावर धाकट्याने आईला आणि थोरल्याला सगळं सांगितलं. आईला रबराचं कळलं नाही, फोनचं बरोबर कळलं. "अगं, तुझं काम जाईल ना मग?" ती म्हणाली. वहिनी म्हणाली, "जाईल बहुतेक, आई." आईने तिच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला आणि स्वतः जेवायचं विसरली. थोरला म्हणाला, "उत्तर चुकलं तर गणित खोडायचं आणि पुन्हा करायचं. मुलांना मी रोज सांगतो. एवढं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं." बायकोच्या कामाबद्दल तो इतकं कधीच बोलला नव्हता. वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली.

आता पुन्हा घाणा करायचा, तर दोन्हीकडे खडखडाट. वहिनीकडे सोनं एका खेपेपुरतं उरलं होतं. धाकट्याकडे पेप्टाइडही तेवढंच, आणि नवीन ओवायचं तर यंत्र महिनाभर मोकळं होणार नव्हतं. एक घाणा साधला तर साधला. बिघडला तर दुसरा नाही.

शनिवारी संस्था रिकामी होती. वहिनीने पडदे ओढले, बर्फ भरला, काचेची सिरिंज तीन वेळा धुतली. कुपीत धाकट्याचं पेप्टाइड आणि सिरिंजमध्ये सगळं सोनं. पहिला थेंब पडला. दुसरा पडला. धाकटा हात मागे बांधून उभा होता, कशालाही हात लागू नये म्हणून. "चल बाई," वहिनी कुपीला म्हणाली. निम्म्याच्या जरा पुढे गेली असेल नसेल, तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. थेंब थांबला.

"काय झालं?"

"अंगठा अडकला. हलत नाहीये." तिने दुसऱ्या हाताने तो सरळ करायचा प्रयत्न केला आणि ओठ चावला. डावा हात घाईघाईत लावून बघितला, तर एकदम दोन थेंब पडले आणि कुपीच्या कडेला किंचित गुलाबी झाक आली. झाक पसरली, फिकी झाली आणि गेली.

"भाऊजी, धरा."

"मी?" धाकटा मागे सरकला. "वहिनी, नको. माझ्या हाताने एकदा वाट लागलीय. मी कुणालातरी फोन लावतो, वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी..."

"कुणी येईपर्यंत सिरिंजमधलं सोनं जांभळं होईल. धरा म्हणते ना."

"मला नाही जमायचं गं."

"तुमच्याकडून चूक झालीय, म्हणूनच द्यायची आहे," वहिनी म्हणाली. तिचे डोळे दुखण्याने पाणावले होते, पण आवाज अगदी सरळ होता. "आज तुमच्याइतकी काळजी दुसरं कुणी घेणार नाही. माझ्यापेक्षाही जास्त घ्याल. या इकडे."

धाकट्याने सिरिंज हातात घेतली. काच तिच्या हाताने कोमट झाली होती. त्याने अंगठा टेकवला, आणि दट्ट्या हलेचना. मग हलला. थेंब टोकाशी आला, फुगला आणि सुटला. वहिनी कुपीवर डोळे लावून बसली. "थांबा. हं. आता. घाई नको. हळू, अगदी हळू. थांबा." तिच्या वाकलेल्या डोक्यामुळे धाकट्याला कुपी दिसत नव्हती. तो फक्त तिचा आवाज ऐकत होता आणि अंगठ्याला सांगत होता. हात अवघडला तेव्हा त्याने कोपर टेबलाला टेकवलं, तिला टेकवताना पाहिलं होतं तसंच. किती वेळ गेला हे त्याला नंतर आठवेना. वहिनी जेव्हा "संपलं" म्हणाली, तेव्हा त्याच्या अंगठ्यालाही कळ आली होती आणि ती तिला सांगायची त्याला लाज वाटली. कुपीतलं पाणी स्वच्छ होतं.

यंत्रापुढे दोघे एकाच बाकावर बसले. रेघ चढली, हवी होती त्याच जागी. शेजारी काहीच नव्हतं. वहिनीने दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा. मग तिने डावा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवून केस विस्कटले, अर्ध्या चड्डीतल्या मुलाचे विस्कटायची तसे, आणि कुपी घेऊन शीतगृहाकडे निघून गेली. धाकट्याच्या जिवात जीव आला.

पण खरी परीक्षा पेशींवर होती. रविवारी औषध पेशींवर पडलं. बुधवारी सकाळी मोठे सर आकडे घेऊन वर आले. त्यांचा चेहरा पडलेला होता.

"गाठीच्या पेशी मेल्यात," ते म्हणाले. "पण आधीइतक्या नाहीत. जवळजवळ निम्म्यावर आलंय. लोक म्हणतील, आधीचंच बरं होतं."

"आधीचं सगळ्यांनाच मारत होतं, सर," वहिनी म्हणाली. "हे विचारून मारतं."

मोठ्या सरांनी निरोगी पेशींचा आकडा काढून बघितला. परत बघितला. मग ते खुर्चीत बसले, खिशातून पेन काढलं आणि चाचणी केंद्राच्या कागदावर सही केली. "पाठवून द्या आजच," ते म्हणाले. "आणि मी तुम्हाला त्या दिवशी जे सांगितलं ना, तेव्हाचं तेव्हा बघू वगैरे, ते विसरून जा. मी तुमच्या जागी असतो तर माझ्या हातून तो फोन झाला नसता." हे बोलायला त्यांना जड गेलं, आणि तरी ते धाकट्यासमोर बोलले, म्हणून धाकट्याला ते पहिल्यांदाच खरे मोठे वाटले.

दुपारी कुप्या बर्फात भरून गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मिळाल्याबरोबर कळवते म्हणून सांगितलं. उंदरांचं काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. माणसापर्यंत जायचं तर अजून कैक वर्षं, आणि वाटेत कुठेही पाय घसरू शकतो. आपल्या हयातीत हे औषध कुणाला मिळेल की नाही, हे वहिनीही सांगू शकत नव्हती. धाकट्याला वाटलं, आता तरी ती घरी जाईल, हातपाय पसरून बसेल. ती पेशींच्या खोलीत जाऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसली.

"भाऊजी, या इकडे."

मेलेल्या पेशींची ताटली तिने बाजूला सारली होती. भिंगाखाली निरोगी पेशी होत्या. त्यांच्यावरही तेच सोनं पडलं होतं, तेवढंच, आणि तीन दिवस त्यात बुडून होत्या.

"काय दिसतंय?"

धाकट्याने चष्मा काढून डोळा लावला. पेशी ऐसपैस पसरल्या होत्या, एकमेकींना खेटून. कुठे आक्रसणं नाही, कुठे खपली नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "मजेत आहेत."

"तेच बघायचं होतं मला," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं मी हेच बघायला बसले होते. गाठ मारणारी पुष्कळ आहेत. ह्यांना सोडून देणारं कुणी हवं होतं."

धाकट्याने भिंगावरून डोळा काढला नाही, कारण काढला असता तर तिला दिसलं असतं. ही बाई आपल्या घरात आली, हिने आपल्याला लिंबू आणि मीठ मांडून शिकवलं, आणि आपण हिच्या हातात रबर दिलं तरी हिने शेवटचं सोनं आपल्याच हातात ठेवलं, असं काय काय त्याच्या मनात दाटून आलं. चष्मा नसल्यामुळे टिपं सरळ भिंगावर पडली.

"अहो, भिंगावर काय रडताय? महाग असतं ते," वहिनी म्हणाली आणि भिंग पुसायचा कागद पुढे केला. तिचा स्वतःचा आवाजही धड नव्हता.

धाकट्याने भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. मधोमध एक पेशी गोल होऊन कमरेत दबली होती. एकीच्या दोन होत होत्या. त्याने बाजूला होऊन वहिनीला जागा दिली. मग ती बाजूला झाली आणि तो बसला. आळीपाळीने दोघे बघत राहिले. घरून थोरल्याचा फोन आला, चहा कधी टाकू विचारायला. वहिनी म्हणाली, "थांबा हो जरा. अजून पूर्ण दोन झाल्या नाहीत."